गाडी काय म्हणते

तोरुगार्टच्या खिंडीतून आली ती.
मधल्या मापाची. ट्रकच्या कुळातली नाही,
शहरी डबीही नाही.
रंग मोतिया, विकणारा म्हणाला.
मोती मी पाहिलेत.
हा रंग आमच्या गाढवाचा.

किल्ली फिरवली की पडदा उजळतो
आणि आतली बाई बोलते, चिनीत.
गोड, अजिबात घाई नसलेली;
आत-बाशीच्या पोस्टात खिडकीमागून
अशी कधी कुणी बोललेली नाही.
जावयाने, तेमिरने, सगळी बटणं दाबून पाहिली.
भाषा काही बदलेना.
राहू दे, म्हटलं. परक्या मुलखात आलीय,
बोलू दे बिचारीला.

मी जनावरांची डॉक्टर.
मागे लसींची पेटी, दोर, गमबूट,
आणि एकदा जुलाब झालेलं कोकरू.
(त्याचा वास अजून आहे. पाहुण्यांना मी सांगत नाही.)

जानेवारीत उणे बत्तीस.
डिझेल थिजतं, तुपासारखं, पांढरं, हट्टी.
नवरा असता तर टाकीखाली स्टोव्ह पेटवून
शिव्या देत बसला असता त्याच्या निवाला.
मी रात्रीच थोडं रॉकेल मिसळते,
इंजिनावर जुनी गोधडी टाकते
आणि पहाटे, कुणी बघत नाही असं पाहून,
बॉनेटवर थोपटते.
खोकते. पुन्हा खोकते.
मग धडधड सुरू होते, आणि ती बाई बोलते.

बर्फावर पुढची चाकं सुटली
की मागची दोन आपणहून जमीन धरतात.
हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
घोड्यावर वाढलेय मी.
पुढचा पाय चुकला तरी मागच्याला
कुठे उभं राहायचं ते ठाऊक असतं.

किझिल-बेलच्या माथ्यावर, खडबडीत वळणाशी,
ती नेमकं एक वाक्य म्हणायची.
मला वाटायचं, दुआ मागतेय.
घाटमाथा आहे, मागणारच.
मीही स्टिअरिंगवरचा एक हात सोडून
तोंडावरून फिरवायची: ओमीन.
दहा महिने.

आणि रात्री, परतताना,
एखाद्या अडलेल्या गाईच्या पोटातून हात काढून
कोपरापर्यंत धुतलेला, तरी न धुतल्यासारखा,
तेव्हा ती दुसरंच काही म्हणायची.
दोनदा. तीनदा.
ते मला पाठ झालं होतं,
लहानपणी कुराणातलं व्हायचं तसं,
अर्थाशिवाय.

तोकमोकला इसहारकडे फिल्टर बदलायला नेली.
इसहार दुंगान, घरात त्यांची बोली चिनीच्या अंगाची.
मी त्याला माथ्यावरची दुआ म्हणून दाखवली.
हसता हसता त्याने पाना खाली ठेवला.
‘बुरुल-एजे, ती म्हणते,
मागचं दार नीट लागलेलं नाही.’

बरं, म्हटलं. आणि हे?
माझ्या किरगिझ जिभेने, अडखळत,
रात्रीचं म्हटलं.
‘पुन्हा म्हणा,’ तो म्हणाला.
पुन्हा म्हटलं.
त्याने हात फडक्याला पुसले, बराच वेळ.
‘म्हणते, आपण थकलेल्या दिसता.
कृपया थोडं थांबा.’

गॅरेजात कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

‘रशियन करून देऊ? दोन मिनिटांचं काम.’
दाराचं बघ तेवढं, मी म्हटलं.

आता माथ्यावर ती गप्प असते.
ओमीन मात्र मी म्हणतेच;
सवय, आणि दार खरंच लागलंय
याचेही आभार कुणीतरी मानायला हवेत.

परवा रात्री ती बोलली.
रस्त्याच्या कडेला घेतली.
इंजिन बंद केलं नाही, तेवढी अक्कल आहे मला.
थर्मासमधला चहा झाकणात ओतला.
दिव्यांच्या उजेडात याक चालले होते,
एकामागून एक, पाठीवर बर्फ घेऊन,
कुणालाच कुठे पोचायची घाई नव्हती.

घरी तेमिर दारात उभा.
कुठे अडकलात?
कुठे नाही, म्हटलं.
गाडीला जरा थांबायचं होतं.